आधी साइड, मग आरसा

४ फेब्रुवारी

सुफियानच्या जाकिटाची उजवी बाही कोपरापासून खाली फाटली आहे. म्हणतो, "दाराच्या कडीत अडकली, आपा." दाराच्या कडीत! कापडावर लांबच लांब काळा ओरखडा आहे, गाडीच्या आरशाचा असावा तसा. मी बाही हातात धरून नुसती उभी राहिले, तेव्हा कुठे बोलला. खोबारकडच्या रस्त्यावर बाइकवर होता, एक मोठी गाडी त्याच्या लेनमध्ये घुसली. याने हॉर्न दाबला, पण आतल्याला ऐकूच गेला नाही. काचा बंद, आत गाणी. आरसा बाहीला घासून गेला, बस.

"हॉर्न कसला तो, जत्रेतली पिपाणी!" असं म्हणून हसला. हसतो कसा हा?

अम्मीला सांगू नको म्हणाला. बाही मी शिवून दिली. अम्मीने विचारलं, "काय शिवतेस गो?" म्हटलं, "सुफियानचं जाकीट." खोटं नाही बोलले. पण हे खरं बोलणं म्हणायचं का?

६ फेब्रुवारी

ज्या दुकानात तो होता ते बंद पडलं, तेव्हापासून खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. बाइक कंपनीची, मागे ती चौकोनी पेटी. इथे सौदीत, दम्मामच्या रस्त्यांवर अशी पोरं मला पूर्वी दिसतही नव्हती. आता प्रत्येक हेल्मेटमध्ये मला त्याचंच तोंड दिसतं.

आज पाचवीच्या वर्गात विज्ञान शिकवत होते. बाहेर अँब्युलन्स गेली आणि माझं बोलणं थांबलं. पोरी विचारायला लागल्या, "मिस, व्हॉट हॅपन्ड?" काही नाही म्हटलं. खडू उचलला आणि काय लिहीत होते तेच आठवेना!

८ फेब्रुवारी

सुचलं! इतकं सोपं कसं सुचलं नाही? पिपाणी ऐकू येत नाही ना, मग मोठा हॉर्न लावायचा. गाडीला असतो तसा.

आमच्या साखरतरच्या रस्त्यावर एसटी प्रत्येक वळणाला हॉर्न देते. आंब्याच्या घाटात तर हॉर्न न देता वळणाऱ्याला लोक वेडा समजतात. हॉर्न म्हणजे "मी आहे, सांभाळ." मी रत्नागिरीला कॉलेजात जायला स्कूटी घेतली तेव्हा अब्बा सुट्टीवर होते. सगळा महिना मला आणि सुफियानला मागे बसून एकच घोकायला लावलं: "मागून हॉर्न आला की डावीकडे! आधी साइड, मग आरसा. बघत बसलीस तर गेलीस." अजून कानात आहे.

सुफियानला सांगितलं तर म्हणतो, "इथे कुणी हॉर्न मारत नाही, आपा. मारला तर लोकांना शिवी दिल्यासारखी वाटते."

"शिवी वाटू दे. ऐकू तर येईल!"

"हो मास्तरीण."

९ फेब्रुवारी

पण बाइक आपली नाही. कंपनीच्या वस्तूला परस्पर हात लावायचा म्हणजे — नाही. मनाला पटत नाही. म्हटलं, आधी विचार, मगच. तो वैतागला. "एका हॉर्नसाठी कोण विचारतं गो!" मी हटले नाही. शेवटी माझ्यासमोर फोन केला, स्पीकरवर. त्यांचे सुपरवायझर सिराजुद्दीन, हैदराबादचे. मला वाटलं ओरडतील.

"हौ, लगा ले मियाँ. लाइट कू हात नक्को लगाना. और वापस देते वख्त पुरानाच लगा के देना."

फोन ठेवल्यावर सुफियान म्हणाला, "झालं समाधान? आता हॉर्नचा निकाह लावायचा, की अजून कुणाची परवानगी राहिली?"

राहिली होती. अब्बांची. तेही "लावा" म्हणाले. मोठा हॉर्न कशासाठी, ते मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

हॉर्न लावला! जुम्म्याच्या नमाजनंतर बिल्डिंगखाली, आम्ही दोघांनी. तो सनाइयातून, त्या गॅरेजवाल्यांच्या भागातून, दोन हॉर्न घेऊन आला होता, एक जाड आवाजाचा, एक बारीक, दोन्ही एकदम वाजणारे. तो थेट जुन्याच तारेला जोडायला निघाला होता. म्हटलं थांब! ती तार बारीक, एवढा करंट तिच्यातून गेला तर तापेल. मध्ये रिले पाहिजे, बॅटरीपासून जाड तार पाहिजे आणि तिच्यावर फ्यूज. बी.एस्सी.चा घरात झालेला हा पहिला उपयोग! आमच्या खानदानात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि शिकून काय केलं तर हॉर्न लावला.

हॉर्नची तोंडं खाली केली, धूळ-पाणी जाऊ नये म्हणून. जुना हॉर्न काढायला घेतला तर सुफियान म्हणाला, "राहू दे तिथेच. परत तर लावायचाच आहे. फक्त तार काढ." बरोबर होतं.

मग त्याने बटण दाबलं. या अल्ला! कचऱ्याच्या पेटीवरची मांजर कुठे गेली कळलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या श्यामला आंटी गॅलरीत आल्या, नुकत्या ड्युटीवरून आलेल्या, केसांना टॉवेल. "क्या हुआ? कौन सा ट्रक आया?" आणि अब्बा — अब्बा जिन्यातून उतरत होते. तिथूनच ओरडले, "अरे, एसटी आली की काय!"

कितीतरी दिवसांनी सगळे हसलो.

सुफियानकडून एक कबूल करून घेतलं. घरी आला की गल्लीत एकदा वाजवायचा. एकदाच. म्हणजे आला, हे मला कळेल.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी गल्लीत एसटी आली. रात्री झोप लागली.

२० फेब्रुवारी

म्हणतो, आज एक कॅमरी गाडी लोण्यासारखी बाजूला झाली. "ट्रक समजतात, आपा! मागे बघतात आणि मग मी दिसतो एवढासा!" हात करून दाखवलं. अम्मीपण हसली.

तरी मनात एक बोच आहेच. मोठ्या हॉर्नने दुसरा दचकत असेल. म्हातारं माणूस, बाळ घेऊन चाललेली बाई. त्याला सांगितलं, हॉस्पिटलपाशी नाही, मशिदीपाशी नाही, चालणाऱ्या माणसाला तर कधीच नाही. "मग हॉर्न कशाला, तसबीर लावली असती," म्हणाला. पण कबूल झाला.

२३ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग स्कूलला माझं नाव लागलं. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, अंधार पडला की समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणतात. सुफियान दिवसभर बाहेर. मग गाडी मीच शिकायची.

शिकवणाऱ्या बाई अबीर नावाच्या. अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी बोलतात. त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरते की नंतर बोटं सरळ होत नाहीत. त्या माझ्या बोटांवर टिचकी मारतात. "शुवै, शुवै!" हळू, हळू. सध्या शाळेच्या आवारातच, पिवळ्या शंकूंमधून.

शंकूंना हॉर्न नसतात. छान असतात शंकू.

१ मार्च

पहिला रोजा. आणि आज कळलं की रमजानमध्ये मगरिबच्या आधीची, सूर्य मावळतानाची वेळ सर्वांत वाईट. सगळं शहर एकदम घराकडे पळतं. भुकेलं, तहानलेलं, चिडलेलं. आणि त्याच वेळी सुफियानच्या पेटीत सगळ्यांची इफ्तारी. जो तो विचारतो, पोचला का, पोचला का.

आम्ही दस्तरखानावर बसलो. अजान झाली. अम्मीने खजूर हातात दिली. मी ती धरूनच बसले. अब्बा म्हणाले, "तोंडात घाल गो. रोजा सोडायला उशीर करू नये." घातली.

मग गल्लीत हॉर्न.

वर आला तर हसत. सिग्नलवर पोरं पाकिटं वाटत होती, तिथेच त्याने पाणी, खजूर घेऊन रोजा सोडला होता. "ताक पण दिलं, आपा! घरी कोण देतं?"

४ मार्च

श्यामला आंटी जिन्यात भेटल्या. मी माफी मागितली, रोज आवाज होतो म्हणून. त्या म्हणाल्या, "अरे नहीं! तुम्हारा बस आता है तो मैं चाय चढाती हूँ."

६ मार्च

आज पडला.

लंगडत आला. गुडघ्यावर पँट फाटलेली. अम्मी रसोईत होती, तो थेट मोरीत शिरला. मी मागोमाग डेटॉल घेऊन. दार लोटून हळू आवाजात सांगत होता. पुढे एक गाडी होती, हा डावीकडून पुढे निघाला. इथे डावीकडूनच निघतात. नीट अंतर होतं, हॉर्नपण दिला. "आणि तो माणूस, आपा, हॉर्न ऐकून माझ्याच अंगावर! सरळ डावीकडे! जागा होती, सगळं होतं. वेडाच!" ब्रेक दाबला, बाइक घसरली, वेग नव्हता म्हणून गुडघ्यावर निभावलं. तो माणूस उतरला. आपल्याकडचाच कुणी चाचा, साबणाच्या कंपनीचा शर्ट घातलेला. सारखं एकच म्हणत होता, "सॉरी भाई, सॉरी भाई, ट्रक समझा." याच्या गुडघ्यावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं.

मी म्हटलं, उशिरा वाजवला असशील. आधीपासून वाजवायला पाहिजे. लांब वाजव. त्याला कळायला वेळ मिळेल.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो. लांब वाजवीन."

अम्मीला सांगितलं, जिन्यात घसरला. या वेळी मीच सांगितलं. रोज्याच्या दिवशी. सरळ खोटं.

७ मार्च

जुम्मा. सकाळी सुफियान खाली बाइकपाशी बसला होता, पक्कड आणि काळी टेप घेऊन. विचारलं, काय झालं? "काल पडली तेव्हा वायर सैल झाली. बांधतोय." मी करू का म्हटलं, तर म्हणाला, "तू वहीवर शेरे मार, मास्तरीण. हे मी करतो." मग बटण दाबून दाखवलं. वाजला, खणखणीत.

वायर सैल झाली हे स्वतःहून त्याच्या ध्यानात आलं, बरं वाटलं. शिकतोय.

९ मार्च

हल्ली उशिरा येतो. इफ्तार उलटून बराच वेळ जातो, मग हॉर्न. कंपनीकडून बोलणीही बसली म्हणे, ऑर्डरी उशिरा पोचतात म्हणून. का उशीर होतो विचारलं तर, "ट्राफिक." ट्राफिक तर पहिल्या रोज्यालाही होतं!

गुडघा दुखत असेल का? सांगत नसेल? उद्या मीच बघते.

१० मार्च

गुडघा बरा आहे. मग काय?

११ मार्च

लिहूनच टाकते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

आज अबीरबाईंनी मला खऱ्या रस्त्यावर काढलं. मी मधल्या लेनमध्ये, हळू, नीट. बरं चाललं होतं. आणि मागून हॉर्न! ट्रकचा. जाड, दुहेरी. आमच्या सुफियानचा असावा असा.

माझे हात माझ्या आधी हलले. स्टिअरिंग डावीकडे. मग आरशात बघितलं. आरशात मी ट्रक शोधत होते. ट्रक नव्हताच! अबीरबाईंनी ब्रेक दाबला, पट्टा छातीत रुतला, आणि माझ्या खिडकीला लागून, अगदी लागून, एक मोटरसायकल. मागे चौकोनी पेटी. पोराने पाय टेकला, बाइक डगमगली, सावरली. हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडे बघितलं. सुफियान नव्हता. कुणी दुसराच होता. मान हलवली आणि गेला.

अबीरबाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली. त्याही घामाघूम. "लेश यसार?" डावीकडे का? "तो डावीकडूनच येणार! तू त्याच्या वाटेत का शिरलीस?"

मी म्हटलं, हॉर्न आला. मी साइड दिली.

त्यांनी डोक्याला हात लावला. मग हसल्याच. म्हणाल्या, तुम्ही सगळ्या अशाच. हिंदी, पाकिस्तानी, बंगाली — हॉर्न आला की पहिल्यांदा डावीकडे पळता. सगळ्या! कुणी शिकवलं गं तुम्हाला?

कुणी शिकवलं! आधी साइड, मग आरसा.

आमच्याकडे गाड्या डाव्या अंगाने चालतात, मागचा उजवीकडून पुढे जातो, म्हणून डावीकडे सरलं की त्याला वाट मिळते. इथे सगळं उलट. इथे डावीकडे सरणं म्हणजे त्याच्या पुढ्यात उभं राहणं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! परीक्षेत लिहिलं असतं. पण ट्रक आला म्हटल्यावर परीक्षा कोण आठवतं? पिपाणी वाजली असती तर मी दचकले नसते. फार तर आरशात बघितलं असतं. आधी बघितलं असतं!

तो साबणाच्या कंपनीचा चाचा. "ट्रक समझा." तोही साइडच देत होता. बिचारा चांगुलपणा करत होता! आणि त्या रस्त्यावर अर्धे चालवणारे आमच्यासारखेच. कुणाच्या अब्बाने, कुणाच्या मामाने हेच घोकून घेतलेलं. माझा हॉर्न त्या सगळ्यांना हाक मारून सुफियानच्या अंगावर बोलावतोय.

आणि मी त्याला काय सांगितलं? आधीपासून वाजव. लांब वाजव.

फोनही करता येत नाही. उचलायला त्याने एक हात सोडला तर?

त्याच दिवशी, संध्याकाळी

आला. हॉर्न वाजला तेव्हा पहिल्यांदाच अंगावर काटा आला. अम्मी-अब्बा समोर, काही बोलता येईना. दोन घास खाऊन परत निघाला. जिन्यात गाठून म्हटलं, "हळू जा. कुणाला मागे टाकू नकोस. आणि हॉर्न वाजवू नकोस, समजलं? अजिबात नको!"

"परवा म्हणालीस लांब वाजव, आज म्हणतेस नको. एक काय ते ठरव, आपा!" आणि उतरून गेला.

१२ मार्च

वर्गात पृथ्वीचं फिरणं शिकवलं. दिशा उलटी सांगितली. एका पोरीने हात वर केला.

१३ मार्च

अजान झाली. हॉर्न नाही. शोरबा निवला. हॉर्न नाही. अब्बा नमाज पढून आले, खिडकीपाशी उभे राहिले, पडदा सारखा केला. तो सरळच होता. श्यामला आंटींनी खालून विचारलं, "आज तुम्हारा बस नहीं आया?" अम्मीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "जिन्यात घसरून गुडघा असा सोलत नाही गो." म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

दोघी शेजारी बसून राहिलो.

मग वाजला.

मी रसोईत जाऊन नळ सोडला आणि रडले. तो तिकडे सांगत होता, ट्राफिक होतं, काय चेहरे केलेत सगळ्यांनी!

उद्या जुम्मा. सकाळी पक्कड घेऊन मीच खाली बसणार. त्याला सगळं सांगणार — हॉर्नची कल्पना माझी, हट्ट माझा, आणि चूक आहे. हसला तर हसू दे. हॉर्न काढणार म्हणजे काढणार.

१४ मार्च

काळी टेप सोडवली तर आत एक छोटं बटण निघालं, बोटभर. एका बाजूला ओढलं की जुना हॉर्न, दुसऱ्या बाजूला मोठा. विचारलं, हे कधी? म्हणाला, पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. "त्या चाचाने साइड दिली होती, आपा. मीपण तेच केलं असतं. अब्बांनीच शिकवलंय ना." मग पुढे कसा जायचास रे? "नाही जायचो. मागेच राहायचो." आणि हा मोठा?

"रस्त्यात पिपाणीच. मोठा फक्त आपल्या गल्लीत वळलो की. तू खिडकीत असतेस ना."